चांदोदची वाट

लोहमार्गाची थोरवी गाड्यांच्या वेगावरून मोजण्याची प्रथा आहे. डभई ते चांदोद या अवघ्या १८ किलोमीटरांच्या मार्गाविषयी आम्हां बडोदेकरांना जी आपुलकी वाटते, तिचा मात्र वेगाशी काडीमात्र संबंध नाही. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमावरील या क्षेत्री अस्थिविसर्जनासाठी, श्राद्धासाठी आणि जवळच्या करनाळीस कुबेरेश्वराच्या दर्शनासाठी आमच्या कित्येक पिढ्या याच वाटेने गेल्या.

या वाटेचा पूर्ववृत्तांत मनोरंजक आहे. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घालण्यात आला. हिंदुस्थानातील नॅरो गेजचा तो पहिला मार्ग होय. त्याच्या हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलेना, म्हणून प्रारंभी डबे बैल ओढीत! १८७३ साली भारी रूळ आले आणि वाफेची इंजिने नियमाने धावू लागली. १८७९ साली डभईहून निघालेला फाटा चांदोदला पोहोचला.

पुढे सडका सुधारल्या, मोटारी आल्या. दारात वाहन उभे असता डुलत जाणाऱ्या गाडीची प्रतीक्षा कोण करणार? डब्यांतील गर्दी ओसरत गेली. तरीही वाटेवरच्या खेड्यांतील गरिबाला आणि गाठीशी बेताचे पैसे बांधून निघालेल्या यात्रेकरूला तिचाच आधार होता.

रुंदीकरणासाठी ही छोटी गाडी थांबली. १७ जानेवारी २०२१ रोजी चांदोदवरून केवडियापर्यंत, म्हणजे आजच्या एकता नगरापर्यंत, ब्रॉड गेजचा मार्ग खुला झाला. सरदारांच्या पुतळ्याकडे जाण्यासाठी दादर, वाराणसी, चेन्नई अशा दूरदूरच्या गावांहून गाड्या सुरू झाल्या. चांदोदला स्थानकाची नवी इमारतही लाभली. वाळू लागलेल्या फांदीला पालवी फुटली, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

परंतु एक फरक विसरता येत नाही. पूर्वी चांदोद हे शेवटचे स्थानक होते. गाडी निघे ती चांदोदसाठीच. आता ते वाटेवरचे एक स्थानक झाले आहे. लांबच्या गाडीला तेथे थांबणे म्हणजे खोळंबा. पण अस्थिकलश हाती घेऊन निघालेल्या माणसाला तेच गंतव्य असते.

म्हणून या मार्गाच्या भवितव्याविषयी आमची अपेक्षा फार मोठी नाही. सकाळी विधीच्या वेळेपूर्वी पोहोचविणारी आणि सायंकाळी घरी परत आणणारी, प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी एक साधी गाडी वेळापत्रकात अखंड असावी. जुन्या इंजिनांची स्मृती प्रतापनगरच्या वारसा उद्यानात जपली जात आहे, हे योग्यच. पण मार्ग जगतो तो उतारूंच्या पावलांनी. आपल्या मंडळांनी आणि देवस्थानांनी चांदोदची यात्रा ठरविताना मोटारीआधी या गाडीचा विचार केला, तर ती गाडी मागण्याचा अधिकारही आपल्याला प्राप्त होईल.