पाण्याचा जोर आणि गाडीचा रंग

दसऱ्याच्या आधी कोल्हापुरातल्या आमच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : "दादा, घरी प्रेशर वॉशर घ्यायचाय. किती बारचा घेऊ?" विचारणाऱ्यानं बहुधा दीडशे बारचं एखादं मशीन ऑनलाइन बघून ठेवलेलंच असतं. माझ्याकडून त्याला फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. गाडी धुवायची असेल तर बारचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे.

खोक्यावर ठळक छापलेला दाब बहुतेक वेळा कमाल दाब असतो. प्रत्यक्ष काम करताना मिळतो तो रेटेड प्रेशर, आणि तो मशीनच्या पट्टीवर बारीक अक्षरात असतो. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. त्यामुळे १,८०० पीएसआय वाचून भारावून जाऊ नये, ते १२४ बारच झाले. कारसाठी प्रत्यक्षातले शंभर बार पुष्कळ होतात. त्यापेक्षा मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते विचारा. दाबानं चिखल सुटतो, पण तो वाहून न्यायला पाणीच लागतं. घरगुती मशीनला सहा-सात लिटर मिळाले की भागतं.

मग मोटार. युनिव्हर्सल मोटार हलकी आणि स्वस्त असते, पण कर्कश वाजते आणि तिचे कार्बन ब्रश झिजतात. इंडक्शन मोटार जड, महाग, आवाजाला मवाळ आणि टिकाऊ. महिन्यातून दोनदा एक गाडी धुणाऱ्याला पहिली पुरते. दारात दोन गाड्या, ट्रॅक्टर आणि वर गोठाही धुवायचा असेल, तर दुसरीवर पैसे घाला. पाइप निदान आठ मीटरचा बघा. पाच मीटरच्या पाइपनं मशीनच गाडीभोवती ओढत फिरावं लागतं. आणि गन, ओ-रिंग, सील आपल्या गावात मिळतात का, हे घेण्याआधी विचारा.

आता मुख्य मुद्दा. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. त्यातला चकाकी देणारा क्लिअर कोट जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भागही धड नाही. त्यावर बसणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌सच्या मापात त्यांचा कठीणपणा सात, चाकूच्या पात्याहूनही जास्त. सकाळी ओल्या फडक्यानं गाडी पुसणारा माणूस हे कण त्या थरावरून फिरवत असतो. काळी गाडी उन्हात उभी करून बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पाहा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतील, त्या फडक्याच्या. प्रेशर वॉशरचं खरं काम म्हणजे हात लागण्याआधी हे कण उचलून खाली पाडणं. उरलेली धुळीची पातळ साय पाण्यानं जात नाही, तिला शाम्पू आणि मऊ हातमोजा लागतोच. ती सुद्धा जोरानंच काढायची म्हणून लोक गन पत्र्याच्या जवळ नेतात, आणि बिघाड तिथं सुरू होतो.

नोझलचं गणित एकदा समजून घ्या. पंचवीस अंशांचं नोझल तीस सेंटिमीटरवर धरलं, तर पाण्याचा पंखा तेरा सेंटिमीटर रुंद पडतो. तेच पाच सेंटिमीटरवर नेलं, तर सगळा जोर सव्वादोन सेंटिमीटरच्या पट्टीत येतो. मशीन तेच, बार तेवढेच, मार मात्र कितीतरी पट. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचं जुनं खोकं ठेवा आणि गन हळूहळू जवळ नेत जा. पुठ्ठा कुठं फाटायला लागतो ते स्वतः बघा. रंगासाठी पंचवीस किंवा चाळीस अंशांचं नोझल वापरावं. रंगीत नोझलांचा संच असेल तर बहुधा हिरवं आणि पांढरं. लाल म्हणजे शून्य अंश, ते गाडीच्या आसपास आणू नका. काही मशीनबरोबर गोल फिरणारं टर्बो नोझल येतं. ती शून्य अंशाची धारच असते, फक्त भोवऱ्यासारखी फिरते. ते फरशीसाठी ठेवा.

दुसऱ्यांदा रंगवलेल्या बंपरला मी विशेष जपतो. प्लॅस्टिकवर प्रायमर नीट धरलेला नसला, तर बारीक खड्याच्या टवक्याच्या कडेतून पाणी आत शिरतं, रंग आधी फुगतो आणि मग पापुद्र्यासारखा उचलला जातो. म्हणून गाडी धुवायला घेतली की आधी बोट फिरवून टवके शोधायचे आणि धार तिथून लांब, तिरकी ठेवायची. दारांचे रबर, स्टिकर, पार्किंग सेन्सर आणि रेडिएटरसमोरच्या पातळ पत्र्या यांनाही हाच नियम. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून धार मारली तर आतली इजा वरून दिसत नाही. रबराचा रंग बदलणं ही पहिली खूण. तिथंही धार तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ नेऊ नका.

जोर मनसोक्त वापरावा तो चाकावरच्या कमानीत. मालवण-वेंगुर्ल्याहून घाट चढून आलेल्या गाड्यांच्या कमानीत जांभ्याची लाल माती थापून बसलेली असते. ती दिवसेंदिवस ओल धरते, वर समुद्राचा खार असतो, आणि पत्रा आतून गंजतो. तिथली माती सुटेपर्यंत, खाली पडणारं लाल पाणी नितळ होईपर्यंत धुवा. दाराखालची निचऱ्याची छिद्रं मोकळी आहेत ना, तेही बघून घ्या. धुऊन झाल्यावर खालून डिझेल मारायची जुनी पद्धत मात्र सोडा. डिझेलनं रबरी बुश फुगून मऊ पडतात, आणि त्या तेलकटपणावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते.

बॉनेट उघडून इंजिनावर धार मारू नका. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर पावसाचे शिंतोडे सोसतात, शंभर बारची धार नाही. इलेक्ट्रिक गाडीवाले मला सांगतात, "बॅटरी आयपी ६७ आहे, काही होत नाही." आयपी ६७ मधला सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची चाचणी. धारेची चाचणी वेगळी, तिचा आकडा नऊ. तीत ऐंशी ते शंभर बारचं ऐंशी अंश तापलेलं पाणी दहा-पंधरा सेंटिमीटरवरून मारतात. सात मिळाला म्हणून नऊ मिळत नाही. तेव्हा चार्जिंगचं झाकण आणि खालच्या नारिंगी केबली यांच्यावर धार रोखू नका.

आणि माणूस. ओल्या फरशीवर उभं राहून आपण १,६०० वॉटचं यंत्र चालवत असतो, सात अँपिअर ओढणारं. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. तो नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. एक्स्टेंशन लागलीच तर जाड वायरची घ्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. लहान मुलांच्या हातात गन कधीही नको. जवळून लागलेली धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतंही कमी, म्हणून लोक हळद लावून गप्प बसतात. आत मात्र पाणी, साबण आणि घाण खोलवर गेलेली असते, आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. थेट हॉस्पिटल गाठा आणि जोराच्या धारेची जखम आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पाण्याबद्दलही खरं ते सांगायला हवं. दहा मिनिटं ट्रिगर दाबला तर साठ-सत्तर लिटर जातात. नळाच्या उघड्या पाइपापेक्षा हे कमी, दोन बादल्यांपेक्षा जास्त. बोअरचं जड पाणी असेल तर गाडी सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपा, नाहीतर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग काचेवर बसतात. शेवटी गाडी थोडी पुढंमागं घेऊन ब्रेक दोन-तीनदा दाबा, डिस्क कोरड्या होतात. मशीन चालू करण्याआधी ट्रिगर दाबून पाइपातली हवा काढायची असते, कारण कोरडा पंप सील खातो. बंद करतानाही आधी बटण, मग नळ, मग आतला दाब संपेपर्यंत ट्रिगर, आणि त्यानंतर गनचं कुलूप.