वैयक्तिक कारणास्तव

आमच्या महाविद्यालयाचा मराठी विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबले, एक कपाट आणि आम्ही दोघे. वीसेक वर्षे याच खोलीतून आम्ही रजेचे अर्ज लिहीत आलो आहोत आणि प्रत्येक अर्जात एक शब्दप्रयोग न चुकता येतो : ‘वैयक्तिक कारणास्तव’. घरात कोणी आजारी असो, गावी जमिनीची मोजणी असो, की केवळ वर्गावर उभे राहण्याचे त्राण उरलेले नसो, सगळ्यांवर पांघरूण एकच. या पांघरुणाखाली काय काय दडते याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करावा लागला एका विद्यार्थ्यामुळे आणि, आश्चर्य वाटेल, क्रिकेटमुळे.

फेब्रुवारी २००६मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला होता. बडोद्याचा सराव सामना चालू असताना सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कॉथिक अचानक मायदेशी परतला. कारण जाहीर झाले ते ‘वैयक्तिक’. १ मार्चला नागपुरात पहिली कसोटी सुरू झाली. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर अ‍ॅलिस्टर कुक नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा, वेस्ट इंडिजमधून घाईने बोलावलेला, पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ धावा करून गेला. पनेसर नावाच्या नवख्या फिरकी गोलंदाजाने कसोटीतला पहिला बळी घेतला तो तेंडुलकरचा. त्या सामन्याची आम्हांला आठवण आहे ती या दोघांची. जो गेला त्याच्याविषयी आम्ही एवढेच म्हणालो होतो, की भारतातल्या फिरकीपुढे त्याने कच खाल्ली असेल.

ही कच फिरकीपुढची नव्हती. पुढे ट्रेस्कॉथिकने एका मुलाखतीत विषाणूजन्य आजाराचे कारण सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाचा दौराही पहिल्या कसोटीपूर्वीच सोडून आला. मार्च २००८मध्ये सॉमरसेटच्या संघाबरोबर दुबईला जायचे असताना तो हीथ्रो विमानतळावरच कोसळला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. त्याच वर्षी ‘कमिंग बॅक टू मी’ हे त्याचे आत्मकथन आले आणि त्यात त्याने पहिल्यांदा खरा शब्द लिहिला : नैराश्य. ७६ कसोटी, ५८२५ धावा, १४ शतके. ज्याच्या नावावर हे आहे त्याला एक शब्द उच्चारायला दोन वर्षे लागली. तोवर ‘वैयक्तिक कारण’ आणि ‘विषाणू’ यांवर त्याला दिवस काढावे लागले. आम्ही भाषेचे अध्यापक असल्यामुळे असेल, पण त्या पुस्तकासंबंधी वाचताना आम्हांला आजारापेक्षा शब्दाला लागलेला हा उशीर अधिक अस्वस्थ करून गेला.

आता विद्यार्थ्याविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. मध्यमगती गोलंदाज. विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, वयोगटाच्या निवड चाचण्यांपर्यंत पोहोचलेला. त्याच्या वडिलांनी त्याच्या क्रिकेटसाठी कर्ज काढले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होते. एकदा निवड हुकली, मग दुसऱ्यांदा. त्यानंतर तो सरावाला जाईनासा झाला. जिमखान्याचे सर आमच्याकडे आले. ‘तुमचं तो ऐकतो, जरा समजवा,’ म्हणाले.

एका दुपारी तो विभागात आला. हातात अनुपस्थितीचा अर्ज होता आणि त्यात लिहिले होते, ‘वैयक्तिक कारणास्तव’. आम्ही त्याला बसवले आणि एक गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मराठी घरात सर्वांना पाठ आहे. मे १९९९. इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू. सचिनचे वडील, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, मुंबईत निवर्तले. सचिन घरी आला, झिंबाब्वेविरुद्धचा सामना त्याच्याविना झाला आणि भारत तो तीन धावांनी हरला. आईच्याच इच्छेने तो परत गेला, आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. शतक होताच त्याने आकाशाकडे पाहिले. त्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या वसतिगृहात, परीक्षेच्या तोंडावर, सामाईक दूरदर्शन संचासमोर उभे होतो. डोळे भरून आले होते. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा म्हणून तो आम्हांला दुप्पट आपला वाटत होता.

हे सगळे आम्ही त्या मुलाला रंगवून सांगितले. जोडीला दुसरी गोष्टही सांगितली : डिसेंबर २००६, दिल्लीत कर्नाटकाविरुद्धचा रणजी सामना, रात्रीतून वडील गेले आणि सकाळी अठरा वर्षांचा विराट कोहली नाबाद ४०वरून खेळायला उतरून ९० धावा करून आला. गोष्टी संपल्यावर आम्ही म्हणालो, ‘मन खंबीर कर.’ तो ‘हो सर’ म्हणाला, अर्जावर सही घेतली आणि गेला. त्या सत्रानंतर तो महाविद्यालयात आला नाही.

त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या दोन मुलांनी आपापल्या दुःखाशी आपापल्या रीतीने जे केले ते त्यांचे; त्यावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रश्न आम्ही त्या गोष्टींचे काय केले हा आहे. आम्ही त्यांचा दृष्टान्त केला. आणि दृष्टान्ताचा एक दुर्गुण असा, की तो शेवटाच्या सोयीसाठी मधला भाग गाळतो.

मधला भाग पुढे त्या दोघांनीच सांगितला. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात कोहलीने पाच कसोटींतील दहा डावांत १३४ धावा केल्या. नोव्हेंबर २०१९मध्ये, ग्लेन मॅक्सवेलने मानसिक स्वास्थ्यासाठी खेळातून विश्रांती घेतली तेव्हा, कोहलीने त्याचे जाहीर कौतुक केले आणि सांगितले, की २०१४मध्ये आपल्यालाही सारे संपले असे वाटत होते, पण ते बोलावे कसे आणि लोक ते कसे घेतील हे कळत नव्हते. २०२२मध्ये तो म्हणाला, की दहा वर्षांत पहिल्यांदाच महिनाभर आपण बॅटला हात लावला नाही. मैदानावरचा आवेश आपण उसना आणत होतो हे आपल्याला उमगले. तेंडुलकरने २०२१मध्ये सांगितले, की दहा-बारा वर्षे सामन्यापूर्वी चिंतेने त्याची झोप उडत असे. पुढे त्याने ते तयारीचाच भाग म्हणून स्वीकारले, आणि चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे अशा साध्या कामांत मन गुंतवू लागला. ज्या फलंदाजीला आम्ही सहजसुंदर म्हणत होतो तिच्या आदल्या रात्री तो माणूस इस्त्री फिरवीत बसलेला असे. या दृश्याला आमच्या दृष्टान्तात जागा नव्हती.

या खेळाची घडणच अशी आहे, की मनाला त्यात फार मोकळा वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये चूक झाली तर पुढच्या क्षणी पळावे लागते. फलंदाज एका चेंडूवर बाद होतो आणि मग दोन दिवस सीमारेषेवर उभा राहून त्या चेंडूचाच विचार करीत राहतो. खेळ अकरा जणांचा, पण हिशेब प्रत्येकाचा वेगळा, दशांश चिन्हापर्यंत काढलेला. वर महिनोन्‌महिन्यांचे दौरे, हॉटेलातल्या खोल्या, घरी राहिलेली लहान मुले. जोनाथन ट्रॉट नोव्हेंबर २०१३मध्ये ब्रिस्बेनची कसोटी संपताच अ‍ॅशेस सोडून घरी गेला तेव्हा त्याचे दोन डाव होते १० आणि ९. पण त्याचा शीण त्या दोन डावांचा नव्हता. महासाथीच्या काळात जैवसुरक्षित कवच आले आणि मैदान ते खोली एवढेच जग उरले. जुलै २०२१मध्ये बेन स्टोक्सने बेमुदत विश्रांती घेतली. फरक एवढा, की त्या वेळी क्रिकेट मंडळानेच कारणात मानसिक स्वास्थ्य असा स्पष्ट उल्लेख केला. २००६ ते २०२१ या पंधरा वर्षांत निवेदनातला एक शब्द बदलला.

हा शब्द सर्वांना वेळेवर मिळाला नाही. ट्रेस्कॉथिकच्याच सॉमरसेटमध्ये हॅरॉल्ड गिम्ब्लेट नावाचा सलामीवीर होऊन गेला. १९३५मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने ६३ मिनिटांत शतक केले. १९३६मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध पदार्पण करून दुसऱ्या डावात नाबाद ६७. कसोटी मात्र तीनच. निवड झाली की तो धास्तावत असे. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपले मन ध्वनिफितींवर बोलून ठेवले. १९७८मध्ये त्याने जीवन संपवले, आणि त्या फितींच्या आधारे डेव्हिड फुटने लिहिलेले चरित्र १९८२मध्ये आले. ऐकणारा माणूस मिळेपर्यंत तो यंत्राशी बोलत होता. इंग्लंडचा ग्रॅहम थॉर्प २०२४च्या ऑगस्टमध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, याच वाटेने गेला. त्याच्यामागे तर शब्द होते, उपचार होते. तेव्हा शब्द सापडला की सारे निभावते, असा दावा आम्ही करीत नाही.

मराठी क्रीडागद्यात यासाठी काय शब्द आहेत, हे आम्ही त्यानंतर आठवून पाहिले. कच खाणे, नांगी टाकणे, हाय खाणे, अवसान गळणे, मोक्याच्या क्षणी कोलमडणे. सगळे पराभवाचे शब्द आहेत आणि सगळ्यांत खेळाडूचाच दोष गृहीत आहे. ‘शीण’ हा आपला किती चांगला शब्द. जात्यावर, शेतात, वारीच्या वाटेवर वापरलेला. त्यात दोष नाही. शीण येतो, उतरतो, पुन्हा येतो. पण शतके ठोकणाऱ्या माणसाला आम्ही तो कधी लावला नाही.

आणि ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्यांना तर हे अधिकच लाजिरवाणे आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्या काळचा सर्वांत कुशल धनुर्धर ऐन मैदानात सांगतो, की गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, हातातून धनुष्य सुटते आहे. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण त्याला आधी दटावतात, हे खरे. पण त्यापूर्वी त्याचे सगळे बोलणे ऐकून घेतात. परंपरेने त्या ऐकण्याला एक अख्खा अध्याय दिला आहे. आम्ही त्या दुपारी थेट दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात केली.

तो मुलगा गेल्या वर्षी तालुक्याच्या बस स्थानकावर भेटला. हार्डवेअरच्या दुकानात नोकरी करतो. आम्हांला पाहून नमस्कार केला, चहा सांगितला. बोलता बोलता आम्ही त्या दुपारचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, ‘सर, दोन महिने मला झोप नव्हती. तेच सांगायला आलो होतो. पण तुम्ही सचिनचं सांगायला लागलात, मग म्हटलं, राहू दे.’ त्यात तक्रार नव्हती. आम्ही विचारले, आता झोप लागते का? ‘लागते,’ म्हणाला. ‘रविवारी टेनिस बॉलनं खेळतो. कोणी धावा मोजत नाही.’ त्याची एसटी आली आणि तो गेला.

ब्रिस्टलची गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. ती सुंदर आहे आणि आमच्या तारुण्याची आहे. पण आता तिच्याबरोबर इस्त्रीची गोष्टही सांगतो. आणि विभागात कोणी विद्यार्थी अर्ज घेऊन आला आणि त्यावर ते दोन शब्द दिसले, की सही करण्यापूर्वी आम्ही पेन खाली ठेवतो आणि त्याला बसायला सांगतो. पुष्कळदा कारण किरकोळच निघते. एखाद्या वेळी निघत नाही.