आवाजाची दुरुस्ती

जात्यावरच्या ओव्या छापील पुस्तकात वाचताना एक उणीव नेहमी जाणवते. शब्द सारे असतात, माहेर असते, भाऊ असतो, पंढरीची वाट असते. परंतु ज्या दगडाच्या फिरण्यावर ते शब्द तोलले गेले, तो दगड तेथे नसतो. ओळ कोठे लांबवायची, कोठे दम घ्यायचा आणि कोठे वैरणीची मूठ जात्याच्या तोंडात टाकण्यापुरते थांबायचे, हे पुष्कळदा जातेच ठरवीत असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यातून काम करीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्या कामाला संगणकाची आणि ध्वनिमुद्रणाची जोड दिली, तेव्हा त्यांनाही हीच उणीव भरून काढायची असावी. २०१७ पासून हा संग्रह ‘परी’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येऊ लागला, आणि फरीदाबादसारख्या दूरच्या गावी बसलेल्या माझ्यासारख्यालाही मावळातल्या बायांचे आवाज घरबसल्या ऐकता येऊ लागले.

ते ऐकताना मला माझ्या कपाटातील तीन कॅसेटींची आठवण होई. १९८६ च्या उन्हाळ्यात माण तालुक्यातील आमच्या घरी, नोकरीसाठी उत्तरेकडे निघण्यापूर्वी, मी आईच्या ओव्या त्यांच्यावर उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक कॅसेट साठ मिनिटांची. आई आता नाही. जाते धाकट्या भावाच्या अंगणात तुळशीशेजारी पडून आहे. तिचा आवाज म्हणाल तर तो या तीन तासांच्या तपकिरी फितीवर उरला आहे, आणि फीत ही काही शिलालेख नव्हे. ती जितक्या वेळा वाजवावी तितकी झिजते. न वाजवता ठेवली तरी तिच्यावरचा चुंबकीय लेप वर्षांच्या हिशेबाने सैल होत जातो. म्हणून त्या ओव्या संगणकात उतरवून घ्यायच्या आणि भावंडांना एकेक प्रत द्यायची, असे गेल्या हिवाळ्यात ठरविले.

संगणक २०१४ सालचा. त्याच्या पाठीमागे तीन रंगीत भोके आहेत. हिरव्यातून आवाज बाहेर येतो, गुलाबी भोक मायक्रोफोनचे, आणि निळ्यातून टेपरेकॉर्डरसारख्या दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेता येतो. हे निळे भोक वर्षानुवर्षे कोणी वापरत नाही. माझे सारे काम मात्र त्याच्यावरच अवलंबून होते. टेपरेकॉर्डरची तार त्यात घातली, कॅसेट सुरू केली, आणि आईच्या आवाजाबरोबर एक अखंड गुणगुण ऐकू आली.

ही गुणगुण म्हणजे विजेची. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. टेपरेकॉर्डर एका ठिकाणाहून आणि संगणक दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेत असला आणि त्यांचे अर्थिंग एकसारखे नसले, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तारेतूनच ती गुणगुण वाहू लागते. आमच्या जुन्या इमारतीच्या अर्थिंगविषयी काही न बोलणेच बरे. शेजारचा महाविद्यालयात जाणारा मुलगा म्हणाला, ‘अंकलजी, सॉफ्टवेअर से निकाल देंगे, दो मिनट का काम है.’ त्याने ती काढलीही. गुणगुण गेली, पण तिच्याबरोबर जात्याची घरघरही गेली. खालच्या पट्टीतील सलग आवाज तेवढा गोंगाट, असे त्या सॉफ्टवेअरला शिकविलेले. विजेचा कोणता आणि दगडाचा कोणता हे त्याला कळावे कसे? उरला तो एका बाईचा पोकळीत लटकलेला आवाज. छापील ओवीत जे नसते, ते येथेही नव्हते.

तेव्हा गुणगुण मागाहून गाळायची नाही, ती मुळातच येऊ द्यायची नाही, असे ठरले. टेपरेकॉर्डरची विजेची तार काढून त्यात सेल घातले. भिंतीशी त्याचा संबंध तुटला, आणि गुणगुण एका क्षणात थांबली. घरघर जशीच्या तशी राहिली. मुलाने संगणकातील ‘आवाज सुधारण्याची’ सारी कलमेही बंद करून टाकली, कारण ती सुधारणा आमच्या कामाची नव्हती.

दुसरे दुखणे याहून खोल निघाले. पहिल्या कॅसेटीची एक बाजू निम्मी उतरली असेल नसेल, तोच आवाजात तडतड सुरू झाली. मग डावी बाजू गेली. आणि तिसऱ्या दिवशी संगणकाने आपल्यापाशी आवाजाचे साधनच नसल्याचे कळविले. अशा वेळी सोप्या शंकेपासून अवघड शंकेकडे जावे लागते. हेडफोन बदलून पाहिला. पुढचे भोक आणि मागचे भोक, दोन्ही तपासली. कारण पुढच्या भोकापर्यंत पेटीच्या आतून वेगळी तार जाते आणि पुष्कळदा ती तारच सैल झालेली असते. ड्रायव्हर काढून पुन्हा बसविला. शेवटी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले. दोन निरनिराळ्या प्रणाली एकच तक्रार करू लागल्या, म्हणजे दोष प्रणालीचा नाही, वस्तूचा आहे, एवढे निश्चित होते.

फरीदाबादचा एन.आय.टी. भाग फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी वसविला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने त्या कामात मोठा वाटा उचलला होता, आणि निर्वासितांनी आपली घरे पुष्कळ अंशी आपल्याच हातांनी उभी केली. त्या इतिहासाचा परिणाम म्हणा की कारखान्यांच्या सहवासाचा, येथील बाजारात वस्तू टाकून द्या असे कोणी पहिल्याच वाक्यात सांगत नाही. मी ज्या कारागिराकडे गेलो त्याने आधी स्वस्तातला उपाय सांगितला. आवाजच तेवढा गेला असेल तर यूएसबीला लावायचे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते, त्यासाठी बोर्ड बदलण्याचे कारण नाही. त्याने ते लावूनही दाखविले. पंधरा मिनिटे सारे सुरळीत चालले, आणि मग यूएसबीची मागची सारी भोके एकदम मुकी झाली. त्याने पॉवर सप्लाय बदलून पाहिला, रॅमची पट्टी काढून पुसून बसविली, प्रकार तोच. आवाजाच्या चिपवर त्याने बोट ठेवले आणि लगेच उचलले. ‘अंकलजी, आवाज़ नहीं गई, बोर्ड जा रहा है. आवाज़ ने बस पहले बता दिया.’

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. बाजारात त्याच्या नावातील आई केव्हाच गळून पडली आहे. संगणकाचे प्रत्येक अंग याच पाटीवर बसते, त्यामुळे ती बदलायची म्हणजे एक पाटी बदलून भागत नाही. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच दर काही वर्षांनी बदलते. इंटेलचाच हिशेब पाहा : ११५५ ही खाच २०११ ची, ११५० ही २०१३ ची, ११५१ ही २०१५ ची, १२०० ही २०२० ची, १७०० ही २०२१ ची आणि १८५१ ही २०२४ ची. हे आकडे खाचेतील टोकांचे. टोके बदलली की जुना प्रोसेसर निरुपयोगी. माझ्याकडचा ११५० चा. रॅम डीडीआर ३ प्रकारची; तीही नव्या पाटीत बसत नाही. उलट कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली, आणि तिची लांबी, रुंदी, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरचा वेग यांत आजवर काडीचा फरक पडलेला नाही. साठ वर्षांपूर्वीची कॅसेट आजच्या टेपरेकॉर्डरमध्ये वाजते. तिचा लेप झिजतो, पण तिची जागा कोणी काढून घेत नाही. संगणकाच्या अंगांचे याच्या नेमके उलट आहे. ती झिजण्यापूर्वीच बेघर होतात.

जांभळ्या मेट्रोने फरीदाबादहून नेहरू प्लेसला थेट जाता येते. २०१५ पासून ही सोय झाली. तेथे दोन मार्ग समोर आले. जुन्या खाचेचे बोर्ड अजून मिळतात : काही दुरुस्त केलेले, काही अपरिचित नावांचे नवे. ते घेतले तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही वाचतात, खर्च फार थोडा. पण हमी थोड्या महिन्यांची, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर, विंडोज ११ ज्याला अधिकृतपणे स्वीकारत नाही अशा प्रोसेसरसाठी नवे घर शोधण्यात फारसा अर्थ नव्हता. दुसरा मार्ग बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नवी घेण्याचा. त्यातही काय पाहायचे हे मी कागदावर लिहून नेले होते. दुकानदार प्रोसेसरचा वेग सांगत होता, मी पाठीमागची भोके मोजत होतो. कित्येक महाग बोर्डांवर आता आवाजाची दोनच भोके असतात, निळे गाळलेले. मध्यम किमतीच्या साध्या बोर्डांवर मात्र तिन्ही असतात. आवाजाचा भाग उरलेल्या पाटीपासून एका रेषेने वेगळा काढलेला असावा, म्हणजे शेजारच्या घटकांची कुरकुर त्यात शिरत नाही. आकार जुन्या पेटीत बसणारा असावा. हमी तीन वर्षांची असावी. अखेर १७०० च्या खाचेचा, डीडीआर ४ रॅम घेणारा एक साधा बोर्ड घेतला. ‘अंकलजी, गेमिंग नहीं करनी?’ असे त्याने विचारले. ‘एक माणूस ऐकायचा आहे,’ असे मी हिंदीत सांगितले. त्याला ते कळले की नाही, कोण जाणे.

कॅसेटी उतरविण्यास चार संध्याकाळी लागल्या. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने, प्रत्येक चोवीस बिटांचा. एका तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. काही गाळले नाही, काही उजळले नाही. मूळ प्रत अशीच राहावी. ज्याला ऐकण्यासाठी स्वच्छ हवी असेल त्याने आपल्यापुरती वेगळी करून घ्यावी. तिन्ही कॅसेटींची एक प्रत धाकट्या भावाकडे, एक बहिणीकडे आणि एक बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहे. ती डिस्कही कायमची नाही; दर काही वर्षांनी हे सारे पुन्हा नव्या जागी हलवावे लागेल, आणि ते काम माझ्यानंतर कोणी करायचे हेही मी भाच्याला सांगून ठेवले आहे.

बहिणीचा फोन आला तो ओव्यांविषयी नव्हता. तिसऱ्या कॅसेटीच्या शेवटी जाते हळू होते, थांबते, आणि आई म्हणते, ‘बास कर की रं आता, दळण सरलं.’ हे वाक्य तेथे असल्याचे आम्हां दोघांनाही आठवत नव्हते. बहीण म्हणाली, ‘दादा, जातं थांबल्यावर ती केवढी दमलेली वाटते रे. गाताना कधी कळलंच नाही.’