किल्ली आत, दार बंद

मे महिना. पारा ४५ च्या घरात, कूलरची घरघर चालू, आणि मी नागपुरात बसून अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका मशीनवर शिरलेलो. गूगल क्लाउडचं हे एक छोटंसं मशीन : १ जीबी रॅम, ३० जीबी डिस्क. महिनाभर चालू ठेवलं तरी फुकट, पण अमेरिकेतल्या ठरावीक तीन ठिकाणीच. जवळचं म्हणून मुंबई निवडलं की मीटर पडलंच.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. ऐटीत फायरवॉल चालू केला; लॉगिनसाठीचा २२ नंबरचा पोर्ट आधी उघडायचा असतो, हे विसरलो. पुन्हा लॉगिन करायला गेलो तर काहीच नाही. मग ती डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडली, फायरवॉलच्या फाइलीतल्या ‘येस’चं ‘नो’ केलं, डिस्क परत जागेवर. पहाटेचे तीन वाजले. ‘माउंट’ म्हणजे काय, ते कॉलेजच्या चार वर्षांत कळलं नव्हतं, त्या रात्री कळलं.

काल संध्याकाळी वादळ आलं, लाइन गेली. दोन तासांनी आली तेव्हा तिकडच्या मशीनवरचं ‘टीमक्स’ या प्रोग्राममधलं काम बिनबोभाट चालूच होतं.

गेल्या आठवड्यात इथल्याच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीसाठी मुलाखत झाली. प्रमाणपत्रांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, ‘‘सर्व्हर कधी बिघडवलाय का?’’ मी वीस मिनिटं बोललो. दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलंय.

तुम्ही गूगल क्लाउडवर खातं उघडणार असाल तर पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. आणि लक्षात ठेवा, तो नुसता इशारा देतो. बिल थांबवत नाही.