चोर्ल्याचा चढ आणि खरा आकडा

बेळगावहून गोव्याला जाणारा चोर्ला घाटाचा रस्ता आपल्याकडच्या बहुतेकांना पाठ असतो. पिरनवाडी, किणये मागे टाकले, कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली आणि जांबोटीत चहा झाला की दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होते. पुढे कणकुंबी. तिथे माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम, समुद्रसपाटीपासून ७९२ मीटर उंचीवर. इथे जन्मलेली मलप्रभा पूर्वेला वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागरात जाते. याच परिसरातले पश्चिमेकडचे ओढे मात्र म्हादईला मिळून अरबी समुद्राची वाट धरतात. चोर्ला गाव ओलांडले की रस्ता वळणे घेत घेत खाली उतरतो, तो अंजुणे धरणाच्या पाण्याला सोबत घेऊन केरीपर्यंत.

धाकटी बहीण साखळीला दिलेली, त्यामुळे हा रस्ता मी बसने, जीपने, वऱ्हाडाच्या गाडीने असंख्य वेळा केला आहे. निवृत्तीनंतर मात्र तो सायकलने करायचे मनात भरले. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत निघालो. जाताना सगळा उतारच, त्यामुळे साखळीला पोहोचलो तेव्हा विशीतला असल्यासारखे वाटत होते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. केरीपासून चोर्ल्यापर्यंत सहाशे मीटरहून अधिक उंची चढायची असते. पायथ्याशी पणजीकडची चार-पाच तरुण मुले भेटली आणि मी त्यांच्या मागे लागलो. अर्ध्या घाटात पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी कठड्यावर बसलो तो उठलोच नाही. गोव्याला भाजी उतरवून बेळगावला रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. "कुठं चाललायसा असं, या वयात?" म्हणत ड्रायव्हरने सायकल रिकाम्या क्रेटांवर टाकली आणि मला शेजारी बसवले. जांबोटीला त्यानेच चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर बायको एवढेच म्हणाली, "आता पुरे." सायकल चार महिने भिंतीला टेकून उभी होती.

बहिणीचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंग शिकायला आमच्याकडेच राहतो. त्यालाही सायकलचा नाद. त्याने नवा पॉवर मीटर घेतला आणि जुना माझ्या सायकलला बसवून दिला. बायकोने अट घातली, की आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून ट्रेडमिलवरची तपासणी करून घ्यायची. ती अट योग्यच होती. माझ्या वयाच्या वाचकांनी तेवढे केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

पॉवर मीटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पेडल दाबले की क्रँक अगदी किंचित, डोळ्यांना न दिसेल इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध त्याबरोबर बदलतो आणि त्यावरून पायाचा जोर कळतो. त्या जोराला फिरण्याच्या वेगाची जोड दिली की शक्ती निघते, वॅटमध्ये. माझा मीटर फक्त डाव्या क्रँकवर आहे, त्यामुळे तो डाव्या पायाचे माप दुप्पट करून सांगतो. वेगाच्या आकड्याला वारा आणि उतार फसवतात. नाडी उशिरा वाढते, शिवाय चहा, ऊन, अपुरी झोप यांनीही बदलते. वॅट मात्र त्या क्षणी पाय काय करत आहेत तेवढेच सांगतात. त्यासाठी निघण्यापूर्वी मीटर शून्यावर आणावा लागतो, कारण थंडी-उन्हाने त्याचा शून्य सरकतो. वाण्याच्या तराजूसारखेच आहे हे.

एका रविवारी पहाटे भाच्याने माझी चाचणी घेतली. अंग गरम करून २० मिनिटे जीव तोडून सायकल हाणायची, सरासरी काढायची आणि त्यातले ५ टक्के वजा करायचे. जो आकडा उरतो त्याला एफटीपी म्हणतात. तासभराच्या आसपास टिकवता येईल अशा शक्तीचा तो अंदाज. माझी सरासरी १८९ वॅट आली, म्हणजे एफटीपी झाला १८०.

घरी येऊन संगणकावर गोल्डन चीता नावाचे सॉफ्टवेअर उघडले. ते मोफत मिळते. त्यात जन्मतारीख, वजन आणि हा आकडा भरला की ते आपल्या सरावाचे पट्टे पाडून देते. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी असे सात पट्टे सुचवले आणि तेच सर्वाधिक रूढ झाले. एफटीपीच्या ५५ टक्क्यांखाली विश्रांतीची रपेट, ५६ ते ७५ टक्के दमसास वाढवणारी, ७६ ते ९० टक्के जोमाची, ९१ ते १०५ टक्के उंबरठ्यावरची. त्यावरचे तीन पट्टे थोड्या मिनिटांच्या किंवा सेकंदांच्या जोरासाठी. आमच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे माझीही जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जूनच आहे. तीच भरली. भाचा आंघोळीला गेला होता. १८० हा आकडा काही मनाला पटेना. टेम्पोतून आलेला माणूस होतो ना मी! हळूच २०० घातला.

त्या वीस वॅटनी काय केले बघा. १८० धरले असते तर माझा दमसासाचा पट्टा १०१ ते १३५ वॅट होता. २०० धरल्यावर तो ११२ ते १५० झाला. सोप्या दिवशी मी इमानदारीने १४५ वर जात होतो, म्हणजे माझ्या खऱ्या हिशेबाने जोमाच्या पट्ट्यात. कठीण दिवशी ठरवलेले पूर्णच होत नव्हते. सहा आठवड्यांत झोप उडाली, गुडघा ठणकू लागला, बायकोवर खेकसणे वाढले. "सायकल भिंतीला होती तेव्हा बरे होता," असेही ऐकावे लागले.

शेवटी भाच्याने माझ्या सगळ्या रपेटींचा आलेख उघडला. किती वेळासाठी जास्तीत जास्त किती वॅट निघाले, हे एका रेघेत दिसते. वीस मिनिटांना १८९, तासाला १७१. शिवाय सपाटीवर, त्याच १४५ वॅटला माझी नाडी पहिल्या तासात १२८ होती आणि दुसऱ्या तासात १४१. म्हणजे सोपे म्हणून जे करत होतो ते सोपे नव्हतेच. त्याने विचारले, "मामा, तासाला १७१ आणि एफटीपी २०० कसा?" मी कबूल केले. तो हसला. "सॉफ्टवेअरला तुमच्या मनातलं काय कळणार? तुम्ही आकडा घालाल त्यावरनं ते पट्टे पाडतं."

त्या दिवशी १८० घातला. पहिले काही आठवडे अपमान गिळावा लागला. १२० वॅट म्हणजे किणयेच्या रस्त्यावर दुधाचे कॅन लावलेली सायकलही पुढे निघून जायची. पण झोप परत आली. आठवड्यातून एकच दिवस जोर, बाकी सारे सावकाश. हळूहळू दुसऱ्या तासातली नाडी पहिल्या तासाजवळ येऊ लागली.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा साखळी गाठली. पहाटे निघताना बहीण दारात उभी होती. "दादा, नाही जमलं तर फोन कर, गाडी घेऊन येते," म्हणाली. केरीला मीटर शून्यावर आणला. हिशेब साधा होता. मी आणि सायकल मिळून ८२ किलो. १० मिनिटांत १०० मीटर चढायचे तर गुरुत्वाकर्षणापोटीच १३४ वॅट लागतात, टायरचे घर्षण आणि वारा वेगळे. म्हणून १४५ ठरवले, म्हणजे जोमाच्या पट्ट्याच्या खालच्या भागात, आणि उभ्या वळणावरही १६० च्या वर जायचे नाही.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर दोन मुले "अंकल, गुड मॉर्निंग" म्हणत पुढे गेली. पाय आपोआप जोरात फिरले. खाली पाहिले, २१४. गियर हलका केला, १४६ वर आलो आणि मुलांना जाऊ दिले. सायकलवर मी केलेले सगळ्यात अवघड काम तेच असावे. मग घाट दिसू लागला. सावलीतल्या दगडांवरचे शेवाळ, खाली धरणाचे पाणी, दरीतून वर येणारे धुके. गेल्या वेळी यातले काहीच दिसले नव्हते. तो कठडाही आला. तिथे थांबून दोन घोट पाणी प्यालो आणि पुढे निघालो.

चोर्ल्याला पोहोचायला एक तास वीस मिनिटे लागली. मुले केव्हाच पोहोचून, नाश्ता करून गेली असतील. कणकुंबीला माउलीला नमस्कार केला आणि बहिणीला फोन लावला. "गाडी काढू नको," एवढेच म्हणालो. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

घरी येऊन रपेट संगणकात उतरवली. चाचणी आता दर दोन-तीन महिन्यांनी घेतो. आकडा वाढो वा उतरो, जो येईल तोच भरायचा. जन्मतारीख गुरुजींनी लावलेली आहे, ती काही आता बदलत नाही. हा एक आकडा तरी माझा मी खरा लिहितो.