शंभर मिलिलीटर

पाचवीच्या मुलांना मी मापं शिकवतो. औषधाची रिकामी बाटली टेबलावर ठेवतो आणि सांगतो, ही शंभर मिलिलीटरची; अशा दहा बाटल्या म्हणजे एक लिटर. हेच माप एक दिवस भीती होऊन माझ्या घरात शिरेल, असं कधी वाटलं नव्हतं.

अम्मीला उमऱ्याला घेऊन निघालो होतो. तिला जुना मधुमेह; दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. आदल्या रात्री मोहल्ल्यातली माणसं भेटायला आली. दुआ झाल्या, मग सल्ले सुरू झाले. पाण्याची बाटली काढून घेतात. लोणचं फेकायला लावतात. सुई दिसली तर बाजूला बसवून ठेवतात. मग कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "अपना नाम देखके जादाच पूछते वो लोगां." अम्मी तस्बीह फिरवत मुकाट ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर सामान जमा करायच्या रांगेत तिची हातातली पिशवी मी उचलली. ती फारच हलकी लागली. इन्सुलिन कुठं आहे, असं विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, "बडी पेटी में रखी बेटा. मेरे वास्ते तेरेकू कोई रोकना नको."

भर रांगेत मी पेटी उघडली. जानमाजच्या घडीत गुंडाळलेली इन्सुलिनची पेनं आणि सुया निघाल्या. इन्सुलिन एकदा गोठलं की पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, आणि विमानाच्या पोटात कधी कधी तेवढी थंडी असते. पेटी जेद्दाहला उशिरा पोचली असती, तर परक्या मुलखात अम्मीचं काय झालं असतं? मला त्रास नको म्हणून तिनं स्वतःचा जीव पेटीत बंद केला होता.

खरं तर नियम तिच्या बाजूनं होता. परदेशी विमानात हातातल्या सामानात शंभर मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ किंवा लिबलिबीत काही चालत नाही. पण प्रवासात लागणारं औषध त्यातून वगळलेलं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी, तिच्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळायला हवं, आणि तपासणीच्या वेळी औषध आपणहून पुढे करावं.

बायकांची रांग वेगळी. मी दुरून बघत होतो. गणवेशातल्या मुलीनं चिठ्ठी वाचली, पेनं पाहिली आणि पिशवी परत दिली. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. अडलो तो मीच. माझी शाम्पूची बाटली दोनशे मिलिलीटरची होती आणि आत शाम्पू तळाला थोडासा. पण नियम बाटलीचं माप बघतो, आतल्या मालाचं नाही. मापं शिकवणाऱ्या मास्तरची बाटली कचऱ्यात गेली आणि अम्मी पदराआड हसली.

हा नियम आला कुठून, हेही आपण स्वतःला सांगितलं पाहिजे. शीतपेयांच्या बाटल्यांत स्फोटकं भरून लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीला आला. त्या वेळी तिथल्या आयांना बाळाचं दूध स्वतः चाखून दाखवावं लागलं होतं. कट रचल्याबद्दल शिक्षा झालेले तरुण मुसलमान होते. त्यांच्या गुन्ह्याचं ओझं माझ्या अम्मीनं का वाहावं? तिचा त्या कटाशी संबंध नाही. तिनं मान खाली घालण्याचं कारण नाही आणि औषध लपवण्याचं तर मुळीच नाही.

पण निर्धास्त होणं म्हणजे बेफिकीर होणं नव्हे. शेजारच्या खालांनी जेद्दाहमधल्या मुलासाठी कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. पाकिटावर ट्रामाडॉल लिहिलेलं होतं. सौदीत त्या औषधावर कडक नियंत्रण आहे. ते नेण्यासाठी रुग्णाची कागदपत्रं आणि आधी घेतलेली परवानगी लागते. मी गोळ्या परत केल्या. खाला रुसल्या. रुसलेली खाला पुन्हा बोलते. परदेशातल्या तुरुंगात अडकलेला माणूस सोडवणं मात्र सोपं नसतं. आपल्या घरातली खसखससुद्धा तिकडे बंदी असलेली वस्तू आहे, हे किती जणांना माहीत असतं?

विचारतील या भीतीनं आपण लपवतो, आणि लपवलं की खरोखर विचारण्यासारखं काही होऊन बसतं. नियम वाचायचे कष्ट मात्र घेत नाही. ऐकीव गोष्टींवर हजारो मैलांचा सफर करतो. मी बी.एड. झालेला, मुलांना शिकवणारा माणूस. पण त्या रात्री सल्ले ऐकताना मीही गप्पच बसलो होतो. अम्मीनं पेटीत इन्सुलिन ठेवलं, त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा होता.

आता मोहल्ल्यातून कुणी उमऱ्याला निघालं की अम्मी स्वतः त्यांच्या घरी जाते. दुआ देते आणि उठताना सांगते, "दवा हात में रखो, चिठ्ठी साथ में रखो. और डरो नको."