बसाले जागा भेटंल का?

पहिल्या दिवशी सकाळी सातला ग्रंथालयाचं कुलूप उघडून बसले, तेव्हा दारात आलेला पहिला माणूस पुस्तकासाठी आलेला नव्हता. विशीतला मुलगा, पोलीस भरतीसाठी पहाटे धावून आलेला, बूट चिखलाने माखलेले. बाहेरूनच म्हणाला, "मॅडम, इथं बसाले जागा भेटंल का जी?"

"आधी पुस्तकं तर बघ," मी म्हटलं.

"पुस्तक आहे माझ्याजवळ. घरी बसाले होत नाही."

खरं सांगायचं तर मी नाराज झाले. चार महिने दारोदार फिरून पुस्तकं गोळा केली होती आणि याला हवी होती फक्त खुर्ची.

आमचं कुडवा गोंदियाला चिकटून आहे. एका अंगाला अजून धानाच्या बांध्या आहेत, दुसऱ्या अंगाला प्लॉट पडलेत. कागदावर गाव आणि चालचलनात शहर, अशी आमची गत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. शाळेत पुस्तकं होती, पण कपाटात. एखादं हरवलं तर हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल, या भीतीने कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तपासणीच्या दिवशी पुस्तकं बाहेर यायची, संध्याकाळी मोजून आत जायची. निवृत्तीनंतर हे आठवलं की स्वतःचीच लाज वाटायची. ग्रंथालय काढायचं डोक्यात आलं त्यामागे समाजसेवा कमी आणि ही बोच जास्त होती.

खोली मिळाली दिरांची. पूर्वी तिथे धानाचे कट्टे रचायचे. रिकामी करून झाडली, चुना मारला, तरी कोंड्याचा वास काही गेला नाही. तो अजूनही येतो. पुस्तकांसाठी ओळखीच्यांना निरोप दिले. आलं काय? अभ्यासक्रमातून बाद झालेली पाठ्यपुस्तकं, गाइडं, पानं सुटलेले दिवाळी अंक आणि एका घरून चक्क टेलिफोन डिरेक्टरी. पोत्यांमधला निम्म्याहून जास्त माल रद्दीत घातला. देणाऱ्यांना वाईट वाटलं, पण गावातल्या मुलाने फाटकंच का वाचावं? रद्दीचे पैसे आणि पेन्शनमधली थोडी भर घालून नवी पुस्तकं आणली. बालभारतीचं 'किशोर' मासिक लावलं. ते १९७१ पासून निघतं आणि खिशाला परवडतं.

त्याच सुमारास गाझातल्या बेत लाहियाबद्दल वाचलं. शेतीचं गाव, स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेलं. तिथल्या मोसाब अबू तोहा या कवीने २०१४च्या युद्धानंतर विद्यापीठाच्या ढिगाऱ्यातून एक पुस्तक उचललं, मग जगभरच्या लोकांकडे पुस्तकं मागितली आणि २०१७ साली विचारवंत एडवर्ड सईद यांच्या नावाने ग्रंथालय उघडलं. पुढे युद्धात तेही उद्ध्वस्त झालं. ते वाचल्यापासून टेलिफोन डिरेक्टरीबद्दल तक्रार करायचं मी सोडून दिलं.

आमच्याकडे बॉम्ब नव्हते, उधई होती. पहिल्या पावसाळ्यात लाकडी मांडणी भिंतीला टेकवून ठेवली, ही चूक माझी. ऑगस्टमध्ये खालच्या फळीवरचं एक पुस्तक ओढलं तर हातात नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर आलं. आत पानांच्या जागी ओली माती, आणि तिच्यात पांढऱ्या किड्यांची वळवळ. भिंतीवरून फळीपर्यंत बोटाएवढी मातीची नळी चढलेली होती. ती रोज डोळ्यांसमोर असूनही ओल म्हणून मी सोडून दिली होती. अठ्ठावीस पुस्तकं गेली. तेव्हापासून लोखंडी रॅक, खाली विटा, भिंतीपासून वीतभर अंतर आणि दर रविवारी प्रत्येक कप्पा रिकामा करून झटकणं.

सुरुवातीला सरकारी मान्यतेचंही बघितलं होतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. पण आधी संस्था हवी, तिची धर्मादाय कार्यालयात नोंदणी हवी, कार्यकारिणी, ठराव, हिशेब, सगळंच हवं. कागद जमवता जमवता लक्षात आलं की यात वर्ष जाईल आणि दार तोवर बंद राहील. म्हणून आधी दार उघडलं. एक दाखल नोंदवही, एक देवघेवीची वही, बस.

दाखल नोंदवहीत मी मोठ्या हौसेने दशांश वर्गीकरणाचे आकडे घातले होते. मराठी साहित्याला ८९१.४६. पुस्तकांच्या पाठीवर बारीक अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. दुसरीतल्या एका मुलीने एका चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे याची किंमत आहे काय?" त्या रात्री नातीच्या रंगीत टिकल्या घेऊन बसले. लाल म्हणजे गोष्टी, हिरवा म्हणजे प्राणी आणि जंगल, पिवळा म्हणजे विज्ञान, निळा म्हणजे थोरांची चरित्रं. आकडे वहीत राहिले, मुलं रंगावर चालू लागली.

भाषेचा पेच मात्र टिकल्यांनी सुटण्यासारखा नव्हता. इथे पोराच्या घरात पोवारी नाही तर झाडीबोली, रस्त्यावर हिंदी, शाळेत प्रमाण मराठी. पलीकडे बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. एवढी वर्षं वर्गात मी "हिंदी नको, मराठीत बोल" म्हणत आले. इथेही पहिले सहा महिने एकही हिंदी पुस्तक ठेवलं नाही. मग एक आई आली, कडेवर लहानगं. म्हणाली, "मॅडम, मले वाचता येते, पन हिंदी. याले काय वाचून दाखवू?" भोपाळहून निघणारं 'चकमक' हे मुलांचं हिंदी मासिक मागवलं. ती आता अंक घरी नेते, पोराला पोवारीत सांगते. तिच्या घरात एका गोष्टीच्या दोन भाषा होतात आणि कुणाचंच काही बिघडत नाही. हे मला नोकरीत असताना कळायला हवं होतं.

मोठी माणसं कशी आली तेही सांगण्यासारखं आहे. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. एक काका आले, "तीन अंकी नाटकाची वही आहे का? गावच्या पोरायले बसवायचं आहे." माझ्याकडे कथा, कादंबऱ्या, चरित्रं, सगळं होतं. नाटक एकही नव्हतं! ज्या मुलखात माणसं रात्रभर थंडीत बसून नाटक बघतात, तिथलं ग्रंथालय मी नाटकाशिवाय मांडलं होतं. आता एक अख्खा कप्पा नाटकांचा आहे आणि कार्तिकात तो रिकामा असतो.

रोवणीच्या दिवसांत उलट. जुलैत दुपारी कुणी फिरकत नाही. मोठे बांधीत, पोरं धाकट्यांना सांभाळत घरी. तेव्हा वेळ बदलून संध्याकाळी सात ते नऊ केली. वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी एक सांगतं. रोवणीत वाचकाला मुळात वेळच नसतो, तो कधी असतो ते आपण जाऊन विचारावं लागतं.

आणि तो बूटवाला मुलगा? त्याला मी नाइलाजाने खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना आणलं, महिन्याभरात नऊ झाले. चालू घडामोडी, अंकगणित, सराव प्रश्नसंच. रॅककडे ढुंकूनही बघायचे नाहीत. दोन टेबलं पोरांनीच कुठून तरी आणली, जुना पंखा दुरुस्त केला. ग्रंथालयाची अभ्यासिका झाली म्हणून मी घरी कुरकुर करायचे. नवरा म्हणाला, "तू पुस्तकं मोजत बस. माणसं ही पोरं मोजतील."

एका दुपारी वीज गेली. प्रश्नसंच मिटून तो मुलगा उगाच हिरव्या टिकलीच्या रॅकपाशी उभा राहिला आणि मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' काढलं. "हे नवेगावचे ना? माझ्या मामाचं गाव तिकडंच आहे." चितमपल्लींनी नवेगाव बांधला वन खात्यात बरीच वर्षं काढली. वीज आली तरी तो वाचतच होता. २०२५च्या जूनमध्ये चितमपल्ली गेल्याची बातमी मला त्यानेच येऊन सांगितली. भरतीत तो उंचीत बसला नाही. अजून येतो, आता दुसऱ्या परीक्षेसाठी.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे नागपूरला जावं लागलं. आठ दिवस. किल्ली कुणाला द्यावी या विचाराने रात्रभर झोप नव्हती, कपाटाची जुनी सवय. शेवटी त्याच्याच हातात दिली.

परत आले तेव्हा सगळ्यात आधी देवघेवीची वही उघडली. आठ दिवसांत चार जणांच्या अक्षरांत एकवीस नोंदी. दोन पुस्तकं परत आलेली नव्हती. ती कुणाकडे आहेत ते समासात लिहिलेलं होतं. एका ओळीत मुलाचं नाव होतं आणि पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात, बहुधा त्याने स्वतःच, हिंदीत लिहिलं होतं: लाल वाली.

मी खोडलं नाही. किल्लीही परत मागितली नाही.